घाट उतरण्यापूर्वी गाडी काय सांगते

नाशिक जिल्ह्यातील कांदा, सांगलीची हळद, लातूरची डाळ, जळगावचे पाईप, इचलकरंजीचे कापड. महाराष्ट्रातील व्यापाराचा फार मोठा भाग शेवटी एखाद्या ट्रेलरच्या पाठीवर बसून घाट उतरतो. बंदराकडे जाणारा माल कसारा घाटातून किंवा बोरघाटातून जातो. साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्या मालाच्या वाटेत खंबाटकी असतो. पेढीवर बसलेल्या माणसाला मात्र या गाडीची आठवण बहुधा दोनच प्रसंगी येते: माल भरताना, आणि गाडी रस्त्यात उभी राहिल्याचा फोन आल्यावर. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात गाडी बरेच काही सांगत असते. ते ऐकणारा चालक असतो. त्यावर खर्च करण्याचा अधिकार मात्र मालकाकडे असतो. बिघाड वाढतो तो बहुतेक वेळा या दोघांमधल्या अंतरात.

‘गाडी अचानक बंद पडली’ हे वाक्य वाहतूक व्यवसायात रोज ऐकू येते. दगड लागून टायर फुटला तर ते खरेही असते. परंतु ब्रेक, बेअरिंग, कमानपाटे, क्लच, इंजिन हे भाग सहसा एका क्षणात निकामी होत नाहीत. आवाज, वास, उष्णता, कंप, गळती, डिझेलचा वाढता खप अशा खुणांनी ते काही दिवस, कधी काही आठवडे आधी आपली अवस्था कळवत असतात. या खुणा ओळखायला अभियंता असण्याची गरज नाही. रोज ठरावीक वेळी, ठरावीक क्रमाने पाहण्याची सवय मात्र हवी.

एक गाडी, दोन देह

व्यवसायात ज्याला ‘घोडा’ म्हणतात तो इंजिन आणि केबिन असलेला पुढचा भाग, आणि त्याच्या पाठीवर टेकून मागे चालणारा ट्रेलर, अशा दोन वाहनांची मिळून ही एक गाडी बनते. घोड्यावर चालकाचे लक्ष असते, कारण तो दिवसरात्र त्यातच बसतो. ट्रेलर मात्र उपेक्षित राहतो. त्याला इंजिन नाही, तेव्हा त्यात बिघडण्यासारखे काय आहे, असा समज असतो. शिवाय अनेक ठिकाणी आज एका घोड्यामागे असलेला ट्रेलर उद्या दुसऱ्या घोड्यामागे लागतो. मग त्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरतच नाही.

प्रत्यक्षात मालाचा मोठा भार ट्रेलरच पेलतो आणि गाडी थांबवण्याच्या कामात त्याच्या चाकांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे पाहणीचा पहिला नियम असा: केबिनभोवती फेरी मारून थांबू नये. फेरी ट्रेलरच्या मागच्या दिव्यापर्यंत पूर्ण व्हावी आणि दुसऱ्या बाजूने परत यावी.

हवेची भाषा

जड गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर हवा टाक्यांमध्ये साठवतो. चालकाने पेडल दाबले की ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते, तेथील दांडा पुढे सरकतो आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. ट्रेलरकडे दोन नळ्या जातात. एक त्याच्या टाकीत हवा भरते, दुसरी चालकाचा हुकूम पोहोचवते. पार्किंग ब्रेकची रचना उलटी असते. तेथे जाड स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि हवेचा दाब ती स्प्रिंग मागे रेटून चाक मोकळे करतो. हवा संपली तर स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते.

या रचनेतली पहिली खूण आवाजाची. इंजिन बंद करून, गाडीला लाकडी ठोकळे लावून, पार्किंग ब्रेक सोडून शांतपणे गाडीभोवती फिरावे. कोठे बारीक ‘सूं’ असा आवाज येत असेल तर तेथे हवा गळते आहे. शंका असेल तेथे साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. त्यानंतर पेडल दाबून धरावे आणि दाबाच्या काट्याकडे एक मिनिट पाहावे. सुरुवातीला काटा थोडा खाली येऊन स्थिर होतो, ते स्वाभाविक असते. त्यानंतरही तो घसरत राहिला तर गळती आहे. अमेरिकेत जोडट्रेलरच्या चालकाला परवान्याच्या परीक्षेतच ही चाचणी करून दाखवावी लागते. तेथे पेडल दाबलेले असताना एका मिनिटात ४ पौंडांपेक्षा अधिक दाब उतरता कामा नये, असा दंडक आहे. चाचणी करायला एक मिनिट लागते आणि खर्च काहीच येत नाही.

दुसरी खूण वेळेची. सकाळी इंजिन सुरू केल्यावर टाक्या भरायला किती वेळ लागतो, हे चालकाला सवयीने ठाऊक असते. हा वेळ हळूहळू वाढत असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे किंवा कोठेतरी हवा निसटते आहे. तिसरी खूण टाकीखालच्या ड्रेनमधून निघणाऱ्या पाण्याची. थोडे पाणी निघणे समजण्यासारखे आहे. वारंवार बरेच पाणी निघू लागले तर एअर ड्रायर काम करीत नाही. पाण्यासोबत काळपट तेल आले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता असते. हेच तेल पुढे व्हॉल्व्हमधले रबर खराब करते.

चौथी खूण स्लॅक अ‍ॅडजस्टरची. लायनर झिजतात तसे त्यांच्यातील आणि ड्रममधील अंतर वाढते आणि चेंबरच्या दांड्याला अधिक लांब सरकावे लागते. एका मर्यादेपलीकडे दांडा पूर्ण बाहेर आला तरी लायनर ड्रमवर जोराने टेकत नाही. सपाट रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. इतर चाके काम भागवून नेतात. बहुतेक नव्या गाड्यांत हे अंतर आपोआप जुळवणारे अ‍ॅडजस्टर असतात. असा अ‍ॅडजस्टर मिस्त्रीला पुन्हा पुन्हा हाताने आवळावा लागत असेल, तर दोष त्याच्यातच किंवा ब्रेकच्या दुसऱ्या एखाद्या भागात आहे, असे समजावे. आवळून वेळ मारून नेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

उतार आणि उष्णता

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. सहा अ‍ॅक्सलच्या जोडट्रेलरला २०१८ पासून मालासह ५५ टनांपर्यंत वजनाची परवानगी आहे. इतके वजन शंभर मीटर खाली आले की त्यातून निर्माण होणारी उष्णता साधारण १७० लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. संपूर्ण घाटाचा हिशोब केला तर हे पाणी ८५० लिटरच्या आसपास जाते. या उष्णतेचा काही भाग वारा, टायरचे घर्षण आणि इंजिन घेते. गाडी योग्य गिअरमध्ये असेल आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू असेल तर इंजिनाचा वाटा मोठा होतो. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर जवळजवळ सगळा भार लायनर आणि ड्रमवर पडतो.

तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. ज्या गाडीचे अ‍ॅडजस्टर आधीच ढिले आहेत, तिच्या दांड्याला आता आणखी लांब सरकावे लागते आणि ती लांबी शिल्लक नसते. पेडल दाबले जाते, हवाही असते, तरी गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांमागे अनेकदा हीच साखळी असते, आणि तिची पहिली कडी घाटाच्या कितीतरी आधी, पार्किंगमध्ये राहून गेलेल्या तपासणीत असते.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने अनेक वाहनांना एकामागून एक धडक दिली. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे किंवा गिअर काढणे ही चुकीची सवय आजही अनेक ठिकाणी आढळते. इंजिन बंद झाले की कॉम्प्रेसर थांबतो, स्टेअरिंग जड होते आणि टाकीत उरलेल्या हवेवरच गाडी चालते. वाचते ते डिझेलही नगण्य. आधुनिक इंजिनात गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. हा हिशोब प्रत्येक मालकाने आपल्या चालकाला एकदा शांतपणे समजावून सांगण्यासारखा आहे.

उतारावरच्या खुणा स्पष्ट असतात. लायनर जळल्याचा उग्र वास, आरशात चाकापाशी दिसणारा धूर, तेवढ्याच वेगासाठी पेडल अधिक दाबावे लागणे, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाणे. यांपैकी एकही खूण दिसली तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून गाडी निवू द्यावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. त्याने ड्रमला तडा जाऊ शकतो.

चाक काय सांगते

टायरवर लोखंडी पहार ठोकून हवा पाहण्याची चाल सर्वत्र आहे. टायर पूर्ण बसला असेल तर ठोकण्याच्या आवाजावरून ते कळते. हवा थोडी कमी असेल तर मात्र तो आवाज फसवतो. त्यासाठी गेज लागते आणि गेज लावायचे ते टायर थंड असताना, फेरी सुरू होण्यापूर्वी. जोडचाकांत आतल्या टायरकडे विशेष लक्ष द्यावे. दोघांपैकी एकाची हवा कमी झाली की दुसरा त्याचे ओझे उचलतो. कमी हवेचा टायर वाकून वाकून आतून तापतो आणि महामार्गावर त्याच्या चिंध्या होतात. दोन टायरमध्ये अडकलेला दगडही वेळीच काढला पाहिजे.

टायरची झीज हे तर लिहून ठेवलेले निदान आहे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली आहे. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त भरली गेली आहे. एकच कड झिजली तर चाकाचा कल किंवा अलाइनमेंट बिघडले आहे. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॅलन्सिंग किंवा बेअरिंग तपासावे. झिजलेला टायर बदलून कारण तसेच ठेवले तर नवा टायरही त्याच वाटेने जातो.

चाकाच्या नटाभोवती गंजाची तांबूस रेघ बाहेरच्या दिशेने ओघळलेली दिसली किंवा नटाजवळ रंग उडून धातू चमकू लागला, तर नट ढिला असण्याची शक्यता धरावी. चाक बदलल्यानंतर पहिल्या शंभरेक किलोमीटरवर नट पुन्हा आवळणे आवश्यक असते, कारण सुरुवातीच्या धावेत चाक आपल्या जागी बसते आणि नटाची पकड थोडी सैल पडते. ही दुसरी आवळणी बहुधा राहून जाते. धावत्या ट्रेलरचे निखळलेले चाक शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

तासभर चालून गाडी चहापाण्याला थांबली की प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्यावी. स्पर्श करू नये. उष्णता दुरूनही जाणवते. एक हब इतरांपेक्षा बराच तापलेला असेल तर ब्रेक चिकटून राहिला आहे किंवा बेअरिंग खराब होत आहे. या पाहणीतली सहसा निसटणारी बाजू अशी की, घाट उतरून आल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा थंड असेल तर तेही तितकेच चिंतेचे आहे. ते चाक ब्रेक लावण्याच्या कामात सहभागीच झालेले नाही. आता बाजारात मिळणारे, दुरून तापमान मोजणारे छोटे यंत्र हे काम अधिक अचूक करते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ दिसले तर सील गेले आहे. तेच ग्रीस पुढे लायनरवर जाऊन ब्रेकची पकड घालवते.

जोडाची जागा

घोड्याच्या पाठीवरची फिफ्थ व्हील नावाची जाड चकती आणि तिच्या जबड्यात बसणारी ट्रेलरची किंगपिन, या दोन वस्तूंवर संपूर्ण ट्रेलर ओढला जातो. प्रचलित किंगपिन दोन इंच जाडीची असते. ती दोनेक मिलिमीटर झिजली की बदलण्याची वेळ आलेली असते. गाडी उचलताना आणि ब्रेक लावताना मागून ‘ठक्’ असा धक्का बसू लागला, तर पिन किंवा जबडा झिजला आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. ट्रेलर नव्याने जोडल्यावर बॅटरीच्या उजेडात खाली वाकून पाहावे: जबडा पिनेमागे पूर्ण बंद झाला आहे ना, चकती आणि ट्रेलरची प्लेट यांत फट नाही ना. मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलकेच पुढे ओढून खात्री करावी.

त्याच वाकण्यात कमानपाटेही दिसतात. गाडी सपाट जागी उभी असताना एका बाजूला झुकली असेल, तर माल एकीकडे भरला गेला आहे किंवा पाटा तुटला आहे. तुटलेल्या पाट्यावर ताजी चमकदार चीर दिसते. पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले पडले तर अ‍ॅक्सल जागचा सरकतो. तेव्हा सरळ रस्त्यावर ट्रेलर किंचित तिरका चालतो आणि दोन्ही आरशांत त्याची बाजू सारखी दिसत नाही. चालकाने ‘ट्रेलर कुत्र्यासारखा तिरका पळतोय’ असे सांगितले, तर त्यात अतिशयोक्ती नसते.

इंजिनाची प्रकृती

इंजिनाविषयी चालक स्वतःहून बोलतो, कारण इंजिन थांबले की तोही थांबतो. म्हणून येथे काही मोजक्या खुणा पुरेत. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर, टर्बोची नळी, इंजेक्टर या क्रमाने पाहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर कूलंट आत शिरत असल्याचा संशय घ्यावा. डिपस्टिकवरील तेल दुधाळ दिसले तर हा संशय बळावतो. तेलाची पातळी कमी होणे सर्वांना समजते. परंतु ती वाढलेली दिसली तर तेही वाईट लक्षण आहे, कारण त्यात डिझेल किंवा कूलंट मिसळत असते.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धुराची ही जुनी भाषा बरीचशी मुकी झाली आहे, कारण काजळी सायलेन्सरजवळच्या गाळणीतच अडते. तेथे खुणा वेगळ्या असतात: गाळणी साफ करण्याची सूचना पूर्वीपेक्षा लवकर लवकर येणे, युरिया द्रावणाचा खप अकारण बदलणे, पॅनेलवरचा पिवळा दिवा. हा दिवा ‘नेहमीच लागतो’ म्हणून सोडून दिला, तर पुढे गाडी आपणहून ताकद कमी करते, आणि ते नेमके चढावर लक्षात येते. ब्रेकच्या एबीएसचा दिवाही सुरुवातीला लागून विझला पाहिजे. तो लागून राहिला किंवा कधीच लागला नाही, तर दोन्ही गोष्टी तपासण्यासारख्या आहेत.

वेग वाढताना खालून येणारा कंप, गिअर टाकताना लोखंडी टोला आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसभोवती तांबडी भुकटी या तिन्ही खुणा एकत्र आल्या तर शाफ्ट सुटण्याची वाट पाहू नये. वितळलेल्या वायरचा वास आणि फ्यूजच्या जागी बांधलेला तारेचा तुकडा हे आगीचे निमंत्रण असते.

रोजमेळातली खूण

व्यापारी कुटुंबाला एक खूण मिस्त्रीपेक्षा आधी दिसू शकते, कारण ती गाडीत नसून वहीत असते. ती म्हणजे अ‍ॅव्हरेज. त्याच मार्गावर, तितक्याच मालासह गाडी पूर्वीपेक्षा अधिक डिझेल घेऊ लागली की पेढीवर पहिला संशय चालकावर जातो. डिझेलची चोरी होत नाही, असे नाही. परंतु चिकटलेला ब्रेक, कमी हवेचे टायर, तुंबलेला एअर फिल्टर, सरकलेला अ‍ॅक्सल, बिघडलेला इंजेक्टर ही सगळी कारणे अ‍ॅव्हरेज खाली आणतात. गाडी न तपासता चालकावर ठपका ठेवला, तर दोन नुकसाने होतात. दोष गाडीतच राहतो, आणि चालक पुढच्या वेळी काही सांगेनासा होतो. आधी गाडी तपासावी, मग माणसाकडे वळावे.

म्हणून ज्या घरात रोजमेळ आणि खतावणी लिहिण्याची शिस्त आहे, त्या घराने प्रत्येक घोड्याची आणि प्रत्येक ट्रेलरची स्वतंत्र वही ठेवावी. डिझेल, वर घातलेले तेल, कूलंट, टायरचा क्रमांक आणि त्याची जागा, लायनर बदलल्याची तारीख, चालकाने सांगितलेली तक्रार आणि त्यावर काय केले, एवढे रकाने पुरतात. दर दोन फेऱ्यांना लिटरभर तेल लागते आहे किंवा एकाच जागेचा टायर तिसऱ्यांदा गेला आहे, हे एका फेरीत कळत नाही; वहीच्या तीन पानांत कळते. अनेक घरांत हिशोबाचे काम घरातील स्त्रिया आणि तरुण मुले करतात. त्यांनी गाडीत पाऊल न ठेवताही ही खूण पकडता येते.

‘ही फेरी करून ये, मग पाहू’

गाडीतली खूण चालकापर्यंत पोहोचते, हे खरे. पुढचा प्रश्न असा की तो ती सांगतो का, आणि सांगितल्यावर काय होते. चालकाने ‘ब्रेक जरा कमी वाटतो’ म्हटले आणि पेढीवरून ‘ही फेरी करून ये, मग पाहू’ असे उत्तर आले, की ती तक्रार संपते. दोष संपत नाही. या उत्तरामागची अडचणही खोटी नसते. कांदा थांबत नाही, बंदरावर कंटेनर आत घेण्याची वेळ ठरलेली असते, दुसरी गाडी त्या घडीला मिळत नाही. तरीही काही दोष असे आहेत की तेथे निर्णय आधीच झालेला असावा, म्हणजे ऐनवेळी घासाघीस होत नाही. ब्रेकची हवा टिकत नसेल, स्टेअरिंगमध्ये नवा ढिलेपणा असेल, चाकाचा नट हलत असेल, जोड नीट बंद होत नसेल, पुढच्या टायरला फुगा आला असेल, तर गाडी निघणार नाही आणि चालकाचा पगार किंवा भत्ता कापला जाणार नाही. हे चालकाला लेखी दिले, तरच तो विश्वासाने बोलतो.

अमेरिकेत फेरीच्या अखेरीस आढळलेला दोष चालकाने लेखी कळवावा आणि सुरक्षिततेला बाधा आणणारा दोष दुरुस्त झाल्याची नोंद झाल्याशिवाय ती गाडी पुन्हा रस्त्यावर जाऊ नये, असा कायदाच आहे. आपल्याकडे नव्या मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. पासिंग त्या दिवसाची अवस्था सांगते. त्यानंतरच्या शेकडो दिवसांची जबाबदारी मालकाचीच राहते. वाहन विम्यातही झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई सर्वसाधारणपणे मिळत नाही.

गाडी स्वतःची नसली तरी

अनेक पेढ्या भाड्याच्या गाडीतून माल पाठवतात. त्यांचा संबंध दलालापुरता आणि बिल्टीपुरता असतो, असे मानले जाते. तरीही काही गोष्टी माल देणाऱ्याच्याच हातात असतात. पहिली म्हणजे वजन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा अधिक भार असलेल्या गाडीला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि तो केवळ चालवणाऱ्यापुरता नाही, तशी गाडी चालवू देणाऱ्यालाही आहे. ब्रेक, टायर आणि पाटे यांचा हिशोब ठरावीक वजन धरून केलेला असतो. वरचे दोन टन घाटात उष्णता होऊन परत येतात.

दुसरी गोष्ट वेळ. रात्री उशिरा गाडी भरून ‘सकाळी सहाला पोहोचलीच पाहिजे’ असा आग्रह धरला, की पाहणीची पंधरा मिनिटे पहिली कापली जातात. गोदामातून बाहेर पडण्यापूर्वी चालकाला तेवढा अवधी आणि उजेड देणे, गुळगुळीत टायरची किंवा हवा गळणारी गाडी भरण्यास नकार देणे, आणि दुरुस्तीमुळे झालेल्या उशिराबद्दल भाडे न कापणे, एवढे प्रत्येक व्यापारी करू शकतो. भाव ठरवताना पाच रुपयांसाठी ताणून धरणाऱ्याने येथे थोडे सैल सोडावे.

पंधरा मिनिटांचा क्रम

रोज निघताना: तेल, कूलंट, हवेचा दाब आणि एक मिनिटाची गळती-चाचणी, सर्व टायर आणि नट, जोड व नळ्या, दिवे, गाडीखाली ताजी गळती.

वाटेत थांबल्यावर: हबची उष्णता, वास, टायर, माल बांधलेल्या दोऱ्या व साखळ्या.

घाटाच्या माथ्यावर: थांबण्याच्या जागी ब्रेकची खात्री, ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरण्याचा निश्चय.

परतल्यावर: फेरीत जाणवलेला आवाज, कंप, ओढ, दिवा यांची वहीत नोंद. पेढीवरील जबाबदार व्यक्तीने ती नोंद त्याच दिवशी वाचून सही करावी.

शेवटचे कलम सर्वांत सोपे दिसते आणि तेच सर्वांत लवकर सुटते. चालकाने लिहिलेली ओळ कोणी वाचत नाही, हे त्याच्या एकदा लक्षात आले की तो लिहिणे थांबवतो. वाचून त्यावर काम झाले, तर तो पुढच्या वेळी अधिक बारकाईने ऐकतो. त्या केबिनमध्ये कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी वडील बसलेला असतो. घाटाखालच्या रस्त्यावर ज्यांचा या मालाशी, या भाड्याशी काहीही संबंध नाही अशी माणसे चाललेली असतात. त्यांच्यापैकी कोणालाही ती वही कधी दिसणार नाही, पण तिच्यावर वेळेत झालेली एक सही त्यांच्याही कामी येते.